पॉलिशची खोली

आमच्या भासऱ्यांनी चंद्रपूरच्या मूल रोडवर आधी केबिन बांधली. मग तिला टेकायला काहीतरी पाहिजे म्हणून उरलेल्या जागेत वर्कशॉप उभं केलं. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. चारही बाजूंनी काच, एसी, गरगर फिरणारी खुर्ची, प्लास्टिकचं झाड. मोठी माणसं येतील म्हणून दरवाजासुद्धा दुहेरी. इकडे शेडमध्ये कारागिरांना पाणी प्यायला एक माठ, तोही गळका.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. ती समोर उभी असली तरी नवऱ्यामार्फत निरोप. "तिले सांग, चहा ठेव." मी ऐकलेलं असतं, भांडं हातात घेतलेलं असतं, तरी हे येऊन मला सांगणार, "चहा ठेव." आमचे हे म्हणजे नंदीबैल. भाऊ बोलला की मान हलली.

सुतारकाम घरात पिढ्यांचं. गल्लीतल्या जुन्या घरी पुढच्या पडवीत हे दोघे भाऊ सागवान कापायचे आणि मागच्या खोलीत मी पॉलिश करायची. सासूबाईंनी शिकवलेलं. दार लावायचं, उंबऱ्याला ओलं फडकं कोंबायचं, जमिनीवर पाणी शिंपडायचं, मगच लाखेच्या पॉलिशला हात लावायचा. चंद्रपूरची हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना कारण सांगायला नको. सकाळी पांढरा टॉवेल वाळत घाला, दुपारी तो कोळशाच्या धुळीनं करडा झालेला. त्यात करवतीचा भुसा. ओल्या पॉलिशवर कण बसला की बसला, मग देव आला तरी निघत नाही.

म्हणून नव्या वर्कशॉपचा नकाशा घरी पसरला तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. म्हटलं, "पॉलिशले एक बंद खोली ठेवा. लहानशी चालते."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यांना म्हणाले, "तिले सांग, एवढं मोठं शेड बांधून राह्यलो, कुठीबी बस म्हणा."

कुठीबी! मला जागा मिळाली ती कटर मशीन आणि रंधा मशीनच्या बरोब्बर मधोमध. जन्मभर लाकडात हात घातलेल्या माणसाला एवढी अक्कल नसावी? होती हो. फिरत्या खुर्चीत बसल्यावर गेली.

उद्घाटनाला फीत कापायला पुढारी आले. थेट केबिनमध्ये गेले, काजू खाल्ले, एसी छान आहे म्हणाले आणि शेडकडे ढुंकूनही न बघता निघून गेले. भासरे तेवढ्यानंच हवेत. नाव मोठं, लक्षण खोटं!

पहिलं मोठं काम आलं ते गडचिरोलीच्या एका डॉक्टरीणबाईंचं. बारा माणसांचं जेवणाचं टेबल, आलापल्लीकडच्या सागाचं. काय लाकूड होतं! त्याच्या रेषांवरून नजर हटेना. मी जीव लावून पॉलिश चढवलं आणि शेजारी कटर सुरू झालं. संध्याकाळी हात फिरवला तर वर रवा पेरल्यासारखा लागला. सगळं घासून काढलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी म्हटलं, भुशानं होते हे, मशीन दोन दिवस बंद ठेवा.

"तिले सांग," भासरे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. आता पॉलिशले नागपूरचा माणूस बोलावतो. तिनं घरीच राहावं."

यांची मान हलली. त्या घरात मला कोणी काही विचारत नाही, पण पॉलिशचं फडकं हातात असलं की तिथं माझंच चालतं. माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट. तीसुद्धा हा माणूस काढून घेणार, आणि दोष कुणाचा, तर म्हणे माझ्या हाताचा! रडले मी, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्याच दिवशी भासरे लेकीसाठी स्थळ बघायला दोन दिवस धानोऱ्याला गेले. केबिनची किल्ली यांच्याकडे ठेवून गेले. मी यांच्यापुढे हात पसरला.

"किल्ली द्या."

"काऊन?"

"द्या म्हटलं ना!"

नंदीबैलाचं एक बरं असतं, कोणीही जोरात बोललं तरी मान हलते.

खुर्ची बाहेर, सोफा बाहेर, प्लास्टिकचं झाड बाहेर. कारागिरांनी टेबल उचलून दुहेरी दरवाजातून आत नेलं, कुठं घासलंसुद्धा नाही. मोठ्या माणसांसाठी केलेला दरवाजा शेवटी कामाला आला. मी फरशी पुसली, फटीला ओलं फडकं लावलं, एसी, पंखा बंद केला आणि कामाला बसले. घामानं लुगडं भिजलं. बाहेर भुसा उडत होता आणि काचेच्या आत एक कण नव्हता.

भासरे परतले तेव्हा शेवटचा हात नुकताच मारून झाला होता. त्यांची खुर्ची कटरजवळ भुशानं माखून उभी. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबल बघायला डॉक्टरीणबाई आल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"अहो, यात तर वरचा पंखा दिसतोय! असंच हवं होतं मला. पॉलिशसाठी वेगळी खोली ठेवलीत, बरं केलंत."

भासरे लगेच म्हणाले, "हो ना बाई. मुद्दाम बनवून घेतली. पॉलिशले धूळ चालत नाई ना."

शाब्बास! जिभेला हाड म्हणून नाही.

बाई खूश होऊन गेल्या. नागपूरच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं नाही. भासरे रुमालानं खुर्ची झटकत राहिले. जेवढा झटकला तेवढा भुसा परत येऊन बसला. शेवटी ते काचेपाशी आले. हे तिथंच उभे होते, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा भासरे सरळ माझ्याकडे बघून बोलले.

"मी अंदर बसू काय थोडा वेळ?"

मी पदर सारखा केला आणि यांच्याकडे वळले.

"तुमच्या भावाले सांगा," मी म्हटलं, "पॉलिश ओलं आहे. एवढं मोठं शेड आहे, कुठीबी बसा म्हणा."