खांदा लचकल्याची थाप

माझ्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं, त्या दिवसापासून त्या यंत्राला सगळ्यात मोठा धोका होता तो माझ्या आईचा.

झालं असं, की माझ्या हृदयाचे ठोके न सांगता रजा टाकू लागले होते. नाशिक रोडच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून मी दोनदा खाली बसलो. दुसऱ्यांदा उठलो तो दवाखान्यातच. डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला, बसवला आणि घरी सोडताना बजावलं: सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, ओढाताण तर मुळीच नाही, तारा हृदयात रुजेपर्यंत जपायचं. यानंतर ते आणखी एक वाक्य बोलले होते. तेवढं मी ऐकलं नाही. (त्या वाक्याकडे येतोच.)

आईला कळू द्यायचं नाही, हे मी ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यापडल्याच ठरवलं होतं. आई ऐंशीच्या पुढची, जवळच्या मखमलाबाद गावी माझ्या धाकट्या भावाकडे राहते. फुलशेती आहे. वडील तिथेच गेले. सकाळी झेंडू तोडता तोडता टोपलीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून 'छाती' हा शब्द आमच्या घरात कोणी तिच्यासमोर काढत नाही. शेजारपाजारी कुणाच्या छातीत दुखलं असं नुसतं कानावर आलं, तरी ती दोन दिवस जेवत नाही. माझी बायको सुनंदा म्हणाली, खरं सांगून टाका, थाप पचायची नाही. मी म्हणालो, ते माझ्यावर सोड. (आमच्या संसारातले बहुतेक अपघात याच वाक्याने सुरू झाले आहेत.)

तर मी फोनवर सांगितलं, द्वारका चौकात स्कूटरवरून पडलो, खांदा लचकलाय. भावाला शंका आली. तिथल्या कोंडीत गाडी हलते कुठे पडायला, असं त्याने विचारलं. आईने मात्र काहीच विचारलं नाही, आणि मला हायसं वाटलं. माझ्या बुद्धीची उंची इथेच मोजून घ्यावी. कारण लचकलेला खांदा घेऊन आसपासच्या दहा गावचे लोक जिच्या ओट्यावर येतात, ती बाई म्हणजे माझी आई! खांद्याची तिची रीत ठरलेली आहे. माणसाला जमिनीवर आडवं घालायचं, कोमट तिळाचं तेल चोळायचं, त्याच्या बगलेत आपली टाच रोवायची आणि दोन्ही हातांनी मनगट धरून हात ओढायचा. जगात हजार थापा शिल्लक असताना मी नेमकी ही निवडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तेलाची बाटली घेऊन रिक्षातून उतरली.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, सूज आहे. ती म्हणाली, सुजेला तेल चालतं. दुसऱ्या दिवशी मी हाडाला चीर गेल्याचं सांगितलं. मग प्लास्टर कुठंय, तिने विचारलं. तिसऱ्या दिवशी मी, हल्ली प्लास्टर घालत नाहीत, असं वैद्यकशास्त्र मांडलं आणि सुनंदाच्या जुन्या ओढणीने हात छातीशी करकचून बांधून घेतला. उकाड्यात शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून बसू लागलो. डावा हात इतका जपला, की त्याची बोटंसुद्धा हलवीना. देव्हाऱ्यात बसवावा तसा बसवला होता.

पाचव्या दिवशी दुपारी चटईवर माझा डोळा लागला. जाग आली ती बगलेत काहीतरी टणक टेकल्याने. ओढणी सुटलेली होती. आई समोर बसली होती, तिची टाच जागेवर होती आणि माझं मनगट तिच्या दोन्ही हातांत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाच बोलली.

"आई, सोडा. त्यांच्या हृदयात तार बसवलीय. ओढलंत तर निघेल."

आईने हात झटकला नाही. अलगद, तान्हं मूल ठेवावं तसा खाली ठेवला. टाच काढून घेतली. मग माझ्या शर्टाची बटणं काढून तिने पट्टीच्या कडेने बोट फिरवलं.

"तुझ्या बापाला बसवता आलं असतं का रं हे?"

"माहीत नाही, आई. कदाचित."

"त्यानं बी सांगितलं नव्हतं. आठ दिवस दुखत व्हतं. त्याच्या भावाला बोलला, माझ्यापाशी नाय. मी घाबरंल म्हणून."

 

रात्री सुनंदाने भीतभीतच ताट वाढलं. आई जेवली. वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. "जित्या माणसाचं दुखणं हाय," म्हणाली, "त्याला उपास कशाला?"

थाप उघडी पडली, तरी तार निघेल या भीतीने मी ओढणी काही सोडली नाही. सहा आठवड्यांनी आई आमच्याबरोबर दवाखान्यात आली. जखम छान भरली होती, यंत्र चोख चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, आता हात वर करा. हात वर जाईना. छातीच्या उंचीला येऊन गंजलेल्या बिजागरीसारखा अडला. डॉक्टरांनी विचारलं, रोज थोडा थोडा हलवत होता ना? खांद्याच्या खाली हलवत राहा, नाहीतर आखडेल, असं सांगितलं होतं मी. तेच ते वाक्य. म्हणजे खांदा बिघडल्याची थाप मी सहा आठवडे झटून खरी करून दाखवली होती.

जन्मात कुठल्या डॉक्टरला न जुमानलेल्या आईने तिथे प्रश्नांची फैर झाडली. ओढायचं का? तेल लावायचं का? कुठवर न्यायचा? डॉक्टर म्हणाले, आजी, ओढायचं अजिबात नाही. भिंतीवर बोटं चढवायची, दुखेल तिथे थांबायचं, रोज थोडं वर.

त्यानंतर रोज सकाळी मी बैठकीतल्या भिंतीला तोंड करून उभा. माझी बोटं मुंगीसारखी वर सरकत, आणि शेजारी आई, दोन्ही हात पदरात गुंडाळून. (हात मोकळे राहिले तर ओढतील, याची तिला खात्री होती.) दुखण्याच्या आधीच मी तार तुटायच्या भीतीने थांबायचो. ती एवढंच म्हणायची, "डाक्टरला इचारलंय मी. चढ." दोन महिन्यांनी बोटं कॅलेंडरच्या खिळ्याला लागली, तेव्हा ती आपली पिशवी भरून मखमलाबादला गेली.

आता तिच्या ओट्यावर लचकलेला माणूस आला, की ती आधी त्याला छातीचं विचारते. जो अडखळतो त्याला तेल न लावताच डॉक्टरकडे पिटाळते. धाकट्या भावाला तर तिने शेतातून उचलून तपासायला नेलं. त्याचा रिपोर्ट स्वच्छ आला, आणि तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. शिवाय दर रविवारी मला तिथे हजेरी लावावी लागते. ओट्यावर जमलेल्यांसमोर मी शर्टाची बटणं काढून उभा राहतो, आई सुरुवातीपासून सगळं सांगते, द्वारका, स्कूटर आणि टाचेसकट, आणि शेवटी म्हणते, लपवलं की असं व्हतं. एखाद्या रविवारी हात दुखतोय म्हणून टाळावं म्हटलं, तर हात आता सरळ कानाला लागेपर्यंत वर जातो, आणि ते तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.