आखाजी सरल्यावर

वैशाखातलं ऊन उगवतानाच चावायला लागतं, म्हणून पार्वताबाई अंधूक उजेडातच गिरणेत उतरल्या. नदी आटलेली. वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी काढायचं, फडक्यातून गाळायचं, हंडा भरायचा. गुडघा कुरकुरत होता. हंडा घेऊन त्या भडगावातल्या आपल्या गल्लीत शिरल्या, तर द्रौपदा ओट्यावर बसलेली. नवं लुगडं, वाकडातिकडा का होईना पण स्वतः घातलेला अंबाडा, मांडीवर बोचकं.

"काय व माय, कोठे निंघनी?"

"धुळे. आखाजी सरनी. बठ्ठ्या पोरी चालन्यात, मी बी जास."

पार्वताबाईंनी हंडा खाली ठेवला. गल्लीतल्या सगळ्या पोरी निघाल्या म्हणून हीही निघालेली, आणि चूक त्यांचीच होती.

धुळ्याच्या एका संस्थेत त्यांनी वीस वर्षं आया म्हणून काढली. बुद्धीनं कमी म्हणून घरच्यांनी आणून सोडलेली माणसं तिथं असायची. द्रौपदा आली तेव्हा परकरात होती. आता तिशी उलटली. तिला घरची माणसं कधी भेटायला आली नाहीत. जेवणाची घंटा, झोपायची घंटा, पाहुणे आले की भिंतीला लागून उभं राहायचं आणि 'आम्ही मजेत आहोत' म्हणायचं. जे शिकवलं ते ती म्हणे. तहान लागली तरी विचारून पाणी पिई.

१९७४ साली संस्थेत नवे साहेब आले. ही माणसं चार भिंतींत का, घरात का नाही, असं ते म्हणायचे. इतर लोक हसायचे. पार्वताबाई तोवर नोकरी सोडून भडगावला आल्या होत्या. विधवा, मूलबाळ नाही, दोन खोल्या. त्या साहेबांना म्हणाल्या, "द्रौपदाले मन्हाकडे द्या." साहेबांनी महिनाभर दिली. पुढं राहायचं की नाही ते तिनं स्वतः सांगायचं, एवढीच त्यांची अट. तिचं जमलं तर तिच्यामागे संस्थेतलीच झेला, मग आधार नावाचा पोरगा, असा एकेक जण घरात जाणार होता.

पण गल्लीला काय सांगायचं? शेजारच्या लताबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अक्का, हाई एवढी मोठी पोर कथाईन आनी व?" तेव्हा पार्वताबाई बोलून गेल्या, "मन्ही मानलेली लेक. आखाजीले उनी."

गल्लीचं तोंड बंद झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, लेक माहेरी आली म्हटल्यावर कोण काय बोलणार? द्रौपदा लिंबाच्या झोक्यावर बसली, सांजोऱ्या लाटायला बसली, डांगर, म्हणजे खरबूज, फोडताना सगळ्यांबरोबर खिदळली. पाणीही आता न विचारता पीत होती. पण तिनं ऐकलं होतं ते पक्कं ध्यानात ठेवलं होतं. आखाजीला आलेली लेक आखाजी सरली की जाते.

आणि आजच संस्थेचा जीवराम तिला विचारायला येणार होता.

तो पहिल्याच मोटारीनं आला. बोचकं पाहून हसला. "अक्का, ही तर तयारच बसली! साहेबांना काय सांगू आता?"

"थांब जरा."

"तुम्ही तिला शिकवू नका हं. मला तिच्याच तोंडून ऐकायचंय."

शिकवणं अवघड नव्हतं. 'नही जास म्हन' एवढं सांगितलं असतं, तर द्रौपदानं भिंतीला लागून उभं राहून तेही म्हटलं असतं. म्हणूनच पार्वताबाईंच्या तोंडून ते निघेना.

समोर लताबाईची लेक रडत रडत बैलगाडीत बसत होती. तिचं आटोपून लताबाई इकडे आली. "चालनी का द्रौपदा? रडत नही व तू? सासरची लई गोडी शे वाटतं!"

"लताबाई, मी खोटं बोलनू," पार्वताबाई म्हणाल्या. "तिले सासर नही. संस्थामाईन आनी मी तिले."

"आम्हाले काय दिसत नव्हतं का व? आंधळ्या शेत का आम्ही?" लताबाई म्हणाली. "पन पोर गोड शे."

द्रौपदाचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती पार्वताबाईंच्या आजूबाजूला काहीतरी शोधत होती.

"अक्का, तुन्हं बोचकं कोठे शे?"

"मन्हं? मले कसाले बोचकं?"

"तू नही जास?"

"मी कोठे जाऊ व? हाई मन्हं घर शे."

"घर म्हनजे नही जानं?"

"नही."

द्रौपदा बराच वेळ बोचक्याची गाठ चाचपत बसली. जीवराम तोंड उघडणार, तर लताबाईनं त्याचा सदरा ओढला. रस्त्यावरून गाडी गेली, तिची धूळ ओट्यावर येऊन बसली. मग द्रौपदा उठली. बोचकं काखेत मारलं.

"जीवरामभाऊ, अक्का नही जास. मी बी नही जास. तू जाय."

"कोनी सांगं तुले असं?" जीवरामनं मुद्दामच विचारलं.

"कोनी नही," द्रौपदा चिडून म्हणाली आणि आत गेली.

लताबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. जीवरामही हसला, मग उगाच खोकला. "पुढच्या महिन्यात झेलाचं बघा अक्का. ती तुम्हाला विचारते रोज."

पार्वताबाईंनी होकाराची मान हलवली. डोळे पुसायला पदर हातात घेतला, तोच आतून द्रौपदानं भूक लागल्याची हाक दिली. त्यांनी सूप ओढलं, दोन मुठी दादर ज्वारी जास्तीची घेतली आणि खडे निवडायला बसल्या.