मालकास्नी इचारावं लागंल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून मी जो घोळ घातला, त्याला तोड नाही. चहा आधी संपवा, मग सांगते.

मी मूळची परभणीची, नोकरी आयटीतली. पुण्याजवळ भूगावात फ्लॅट शोधत होते तेव्हा जो तो विचारायचा, "एकटीच राहणार?" आणि पुढे फोनच उचलायचा नाही. शेवटी शेजारच्या भुकूम गावातल्या काकू भेटल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पाण्याची मोटर चालू करता येती का?" येते म्हटल्यावर वरच्या खोलीची किल्ली हातात ठेवली. त्यांचे यजमान, तात्या, संध्याकाळी गोठ्यातून आले तेव्हा त्यांना कळलं की वर भाडेकरू राहायला आलीय.

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी नेमकी हीच विसरले.

रविवारी दुपारी काकूंबरोबर टीव्हीवर जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघायचा, हा आमचा नेम. काकू पावटे सोलायच्या आणि मी भाषण द्यायची.

त्या रविवारची नायिका मध्यंतरापर्यंत स्वतः मोटार चालवत होती, बापाचा कारखाना सांभाळत होती, नायकाला चारचौघांत खडसावत होती. मध्यंतरानंतर काय बिघडलं कोण जाणे, डोक्यावर पदर आणि हातात निरांजन! नवरा शहरात दुसरीबरोबर हिंडून आला, तर म्हणे वाट चुकला बिचारा. ही मॅनेजरशी दोन शब्द बोलली, तर घराबाहेर. तेही पावसात.

"बघा काकू, त्याला ओवाळणं आणि हिला हाकलणं. हा कुठला न्याय?"

"व्हय की," काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष पावट्यात.

तेवढ्यात दारात पांढरी गाडी थांबली. जमिनीचा एजंट पेढे घेऊन आत आला. त्याला रस्त्यालगतचा काकूंचा तुकडा हवा होता. जमीन काकूंच्या माहेरची, सातबाऱ्यावर नावही त्यांचंच.

"मावशी, मग काय ठरलं?"

काकू पदर सावरत एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "मालकास्नी इचारावं लागंल."

आणि इथे माझं डोकं फिरलं. इतके रविवार मी कुणापुढे बोलत होते?

"काकू, तुम्हीपण त्या पिक्चरमधल्या बाईसारख्याच निघालात की हो! जमीन तुमची, नाव तुमचं. मालकांना कशाला विचारायचं? तुमचा निर्णय तुम्ही घ्या."

एजंटचा चेहरा काय उजळला म्हणता! खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "लाख बोललात, म्याडम. मावशी, बोला मग. आता मालकांचं कारणच न्हाई."

काकूंनी माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेनं मी अजून दचकते.

आमचा आवाज ऐकून तात्या गोठ्यातून धावत आले आणि छाती काढून गरजले, "माझ्याबिगर हितं पान हालत न्हाई! जिमीन इकायची न्हाई म्हंजी न्हाई!" मग काकूंकडे वळून हळूच विचारलं, "चा टाकू का गं?"

झालं. उरलंसुरलं पितळही उघडं पडलं.

एजंट हसत हसत गेला, पण जाताना म्हणाला, "मावशी, आता तुमच्याशीच बोलत जाईन." मी मान खाली घालून बसले. काकूंनी पावटे पुढे ओढले.

"आगं, बाई न्हाई म्हणली की तिला समजावत बसत्यात. बाप्या न्हाई म्हणला की गाडी वळवत्यात. म्हनून माझं न्हाई म्या ह्यांच्या तोंडात ठिवलं हुतं. बापाची जिमीन हाय ती. तू ते कारणच घालवलंस."

मला खोली देताना या बाईनं मालकांना विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. सगळ्या भूगावानं दार लावलं होतं तेव्हा हिनं आपल्या मनानं ते उघडलं, आणि मी तिलाच स्वातंत्र्य शिकवायला निघाले होते. त्यांनी मला त्या दिवशी घालवून दिलं असतं तरी चुकलं नसतं. त्यांनी पावट्याची उसळ वाढली. काकूंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यात एजंट पुन्हा हजर. काकूंनी तोच पदर सावरला, तोच बारीक आवाज काढला. "आमच्या वरच्या म्याडमला इचारावं लागंल. लई कडक हाय. तुमीच ऐकलं न्हवं त्या दिशी?"

तेव्हापासून पौड रोडवर गाड्या माझ्याजवळ थांबतात आणि मी डोळे वटारून "नाही" म्हणते. एवढं तरी मी त्यांचं देणं लागते.

परवा आईचा फोन आला. "रविवारी पाहुणे तुला बघायला येऊ म्हणतायत. येतेस ना?"

मला नव्हतं जायचं. बाजूलाच काकू पावटे सोलत होत्या. माझा आवाज आपोआप बारीक झाला. "आई, काकूंना विचारावं लागेल गं. फार कडक आहेत."

आई म्हणाली, "एवढी शिकलीस, स्वतः कमावतेस, आणि घरी यायला घरमालकिणीला विचारतेस? जुन्या पिक्चरमधल्या बायकासुद्धा तुझ्यापेक्षा धीट होत्या गं."