लोणच्याची बरणी

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका वैद्यकीय संशोधनासाठी घरोघर फिरायची. पाळी गेल्यावर बायकांना कोणते आजार होतात, ते वेळीच कसे टाळता येतील, हे वर्षानुवर्षं पाहायचं होतं. दर सहा महिन्यांनी त्याच बायका, तेच प्रश्न. मी फॉर्मचा एकही रकाना रिकामा सोडत नसे आणि त्याची मला नको तेवढी घमेंड होती.

इतवारीत भांड्यांच्या दुकानामागे एक काकू राहायच्या. पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. त्यांच्याकडे पाळीच्या दिवसांत लोणच्याला शिवायचं नाही, नासतं म्हणे. सुनेवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून बरणी कायम त्यांच्याच ताब्यात. फॉर्म भरून झाला की स्वतः उठून मला एक फोड द्यायच्या.

एका फेरीला मात्र त्यांनी सुनेला सांगितलं, "तू काढ वं. माहे गुडघे दुखून राहिले." मी लगेच लिहिलं, गुडघेदुखी: आहे. मधे कधी रक्त गेलं का, हे सुनेसमोरच विचारून झालं होतं. काकू नाही म्हणाल्या होत्या. तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

पुढच्या फेरीला मी पोचले तेव्हा काकू भरलेली बादली घेऊन भराभर जिना चढत होत्या. वर येऊन बसल्या, सगळ्या प्रश्नांना नाही म्हणाल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "बरणी काढ वं."

भरलेली बादली वर आणणाऱ्या काकूंना बरणी जड नव्हती. दुसऱ्याच्या घरात हुकूम सोडत मी सुनेला चहा ठेवायला पाठवलं.

"काकू, बरणीले हात काहून नाही लावत?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. पुन्हा चालू झालं. थोडं थोडं जाते. या वयात कोणाले सांगू?"

"कधीपासून?"

"मागच्या वेळी तू आलती, त्याच्याही आधीपासून."

आत कपांचा आवाज यायला लागला होता. मी म्हटलं, "उद्या माझ्यासोबत दवाखान्यात चला."

"सुनेले का सांगू?"

"गुडघे दाखवायले चाललो म्हणा."

गर्भाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मागचा फॉर्म मागितला, तेव्हा तो 'नाही' त्यांच्यापुढे ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे कित्येक आठवडे मी काकूंच्या गल्लीत शिरायलाच घाबरत होते.

पुढच्या फेरीला काकू घरी होत्या. वाळल्या होत्या, पण स्वतः उठल्या, बरणी उतरवली, माझ्या हातावर फोड ठेवली. मी पेन काढलं आणि सुनेला काहीतरी निमित्त सांगून बाहेर पाठवणार, तोच काकूंनी तिचा हात धरून तिला जवळ बसवलं.

"बस वं इथं," त्या म्हणाल्या. "हे काय विचारते, ते ऐकून ठेव. उद्या तुले असं झालं तर मले पहिले सांगजो."