घडीतला बदाम

कॉलेजजवळच्या स्टेशनरीवाल्या काकांना हळू बोलता यायचंच नाही. "बदाम कुणासाठी गं?" असं ते भर दुकानात विचारायचे. पण लाल कागद दुमडून अर्धाच बदाम कापायचा, हे मला त्यांनीच शिकवलं.

व्हॅलेंटाइनच्या आदल्या दिवशी मी काउंटरवर तसा कापत होते आणि बाबा रिफील घ्यायला आले. मी घडी उलगडलीच नाही; हातात नुसता पानासारखा अर्धा बदाम होता.

"हे काय?"

काका ओरडले, "तोरणाची पानं! गॅदरिंग आलंय की!"

"लाल पानं?"

"हिरवा कागद संपला, पावणं!" हिरवा गठ्ठा त्यांच्या मागेच होता. ते त्याच्यापुढे सरकून उभे राहिले.

बाबा गेल्यावर काका पहिल्यांदाच कुजबुजले, "पोरगं चांगलं हाय न्हवं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्याच्याशी मी अजून एकदाही बोलले नव्हते.