आईच्या चरख्याचा टक्

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या स्टेशनवर अमरावतीच्या गाडीची वाट बघत उभी होते. रविवार होता. पिशवीत दादासाठी अंबाडीची भाजी होती आणि सूत कातायला कापसाचे पेळू होते, त्यानं मुद्दाम सांगितलं होतं म्हणून आणलेले. "शकूताई, निघाल्या का?" एवढं वहिनीनं विचारलं. मग म्हणाली, "सावकाश या… आता घाई नाही." अगं बाई, म्हणजे काय? मी फलाटावर ओरडूनच विचारलं. तिनं सांगितलं. सकाळी चहा घेऊन गेली तर दादा उठलाच नाही. गाडी आली, मी चढले, बसले. त्या दोन तासांतलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं, कोणाला त्रास दिला नाही. मला अशा माणसांचा राग येतो. माझ्या भावाला जिवंतपणी काय त्रास होता, ते यांना ठाऊक आहे का?

दादा लाल बसचा ड्रायव्हर. परतवाडा-अकोला रस्त्यावर त्याचा जन्म गेला. जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं, आणि ते घरघरणारं धूड त्यानं डाव्या कानाशी वर्षानुवर्षं वागवलं. म्हणून डावा कान आधी गेला. रिटायर झाल्यावर उजवाही जाऊ लागला. त्याच्या मुलानं कानाचं मशीन आणून दिलं, पण त्यातून कुकरची शिट्टी सुरीसारखी घुसायची आणि माणसाचं बोलणं मात्र घोंगडीखालून आल्यासारखं यायचं. ते मशीन शेवटी सुपारीच्या डब्यात गेलं. घरातले आधी ओरडून बोलायचे, मग खुणा करायचे, मग नुसतेच आपसांत बोलू लागले. सगळे हसले की दादाही हसायचा, आणि हसून झालं की हळूच माझ्याकडे बघायचा… कशाला हसलो ते सांग म्हणून. ते बघणं मला सोसवत नसे.

उजवाही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी सोबत होते. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "शके, कान जाते तं जाऊ दे. मले फक्त आईचा चरखा एकडाव आयकाचा हाय."

आमचं लहानपण मोर्शीजवळ संत्र्याच्या बागेत गेलं. दुपारी बागेतलं काम उरकलं की आई चरख्यावर बसायची आणि आम्ही दोघं तिच्या पायाशी लोळत असायचो. त्या चरख्याला एक खोड होती. चाकाच्या आसाला मारलेली लाकडी पाचर ढिली होती, त्यामुळे दर फेऱ्याला टक् व्हायचं. घूंऽऽ टक्. घूंऽऽ टक्. बाबा हातोडी घेऊन आले की आई हात आडवा करायची. "राहू द्या. टक् झाला का मले समजते, फेरा पुरा झाला." आम्हाला झोप लागायची ती त्या आवाजावर. आई गेली, बाग विकली, आणि तो आवाज ऐकलेली माणसं दोनच उरली. दादा आणि मी.

चरखा सापडला तो मोर्शीच्या चुलतभावाच्या गोठ्यात. कोंबड्या बसायच्या त्यावर. चाकाचे आरे घुणानं खाल्लेले, सूत गुंडाळायची लोखंडी चात वाकलेली. दादानं पोत्यात घालून तो अमरावतीला आणला. परतवाड्याहून सागवान आणलं, आरे स्वतः तासले, चात ठोकून सरळ केली. पण ड्रायव्हरच तो! पहिल्यांदा चरखा फिरवला तेव्हा साहेबांनी चातीला बसचं ग्रीस चोपडलेलं. सूत निघालं काळंकुट्ट. मी पोट धरधरून हसले. "हसू नको वं," तो म्हणाला, "गाडी तं चालली ना!" मग मी गोडेतेलाचा थेंब लावून दाखवला. त्या दिवशी आम्ही दोघं खरंच हसलो, म्हणजे एकाच गोष्टीला हसलो.

चरखा चालला, पण आवाज आईचा नव्हता. दादाच्या हातात यंत्र आलं की ते गपगुमान चालायचं. आवाज म्हणजे बिघाड, हे त्याच्या हाडात भिनलेलं. आता मुद्दाम बिघाड करायचा होता, आणि तो बरोबर तेवढाच. पाचर घट्ट झाली तर टक् नाही, ढिली झाली तर नुसता खडखडाट. मी दर रविवारी जायची, त्याच्या पाठीमागे वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसायची. जुळलं की चुकलं ते ओरडून सांगता सांगता घसा फुटायला लागला तेव्हा त्यानंच युक्ती काढली. "तू कंडक्टर. खांद्यावर एक घंटी देल्ली का थांबीन, दोन देल्ल्या का चालू ठेवीन." एक टपली म्हणजे थांब, चुकलं. दोन टपल्या म्हणजे चल, बरोबर. मी एकच टपली मारत राहिले. तो पाचर काढायचा, कानशीनं घासायचा, पुन्हा बसवायचा. "उगंच मन राखाले दोन देजो नको," असं दरवेळी बजावायचा.

आणि मध्येच उजवा कान गेला. एका सकाळी उठला तर काहीच नाही… वहिनी सांगते, त्यानं ताटावर वाटी आपटून पाहिली, मग स्वतःच्या कानशिलात मारून घेतलं. मी गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसला होता. "जितेपनीच गाडलं मले, शके." माझा कोणता शब्द आता त्याच्यापर्यंत पोचणार होता? मग तोच उठला आणि मोढा माझ्यापुढे सरकवला. "बस. मले नाय तं नाय, तुले तं आयकू येईन. आईवानी वाजून राहिला एवढं समजलं तरी पुरे."

मग तो शेवटचा रविवार. दादानं चाक फिरवलं. घूंऽऽ टक्. घूंऽऽ टक्. देवा रे! तोच. जसाच्या तसा. मी साठी उलटलेली बाई, क्षणात मोर्शीच्या ओसरीवर आईच्या पायाशी जाऊन पडले. रडू असं फुटलं की तोल जाऊ नये म्हणून मी दादाच्या खांद्यावर हात टेकला. हात टेकला आणि तिथंच राहिला.

ती एक घंटी झाली. दादानं चाक थांबवलं.

मी भानावर येऊन दोन टपल्या मारल्या. पुन्हा दोन. पुन्हा दोन. त्यानं वळून माझा चेहरा पाहिला. "रडून काहून राहिली? दया आली का माझी?" लाकडावर खुणा करायच्या त्याच्याच खडूनं मी फरशीवर मोठ्ठं लिहिलं, 'बरोबर आहे, आईशप्पथ.' त्यानं वाचलं आणि मान हलवली. "पहिल्या घंटीले ब्रेक मारतो मी. मागून कंडक्टर काई बी म्हनो, पहिली घंटी खरी." मी त्याचा हात धरला, खेकसले, हातापाया पडले. त्यानं शांतपणे पाचर ठोकून काढली, चाक उतरवलं, आरे एकेक सोडवले आणि पोत्यावर मांडले. "पुढच्या रयवारी नवी पाचर बसवतो. पेळू आनजो."

तो रविवार आला. दादाला पुढच्या खोलीत निजवलं होतं आणि आत त्या पोत्यावर चरखा तसाच सुटा पडला होता. मी दादाच्या डोक्यामागे जाऊन बसले, नेहमीसारखी. त्याच्या गार खांद्यावर दोन टपल्या मारल्या. जमलेल्या बायकांना वाटलं, मला वेड लागलं. लागू दे.

पोतं मी अकोल्याला घेऊन आले आहे. ते खोलीच्या कोपऱ्यात आहे, मोढा त्याच्याशेजारी. जुनी पाचर हातात घेतली की तिच्यावरचे दादाच्या कानशीचे ओरखडे बोटांना लागतात. भाचा म्हणतो, "आत्या, सुतार बोलावतो, जोडून देईल." जोडेल बापडा. कदाचित टक् सुद्धा येईल, आईच्यासारखा, जसाच्या तसा… पण आला, तर मी दोन घंट्या कोणाच्या खांद्यावर देऊ?