अंगणात दोन्ही पाय टेकायची अट

नातवंडांनो,

तुमच्यातल्या धाकटीने परवा फोनवर सांगितलं, की दुकानात तिला जी मोटरसायकल आवडली, तिच्यावर बसलं की तिचे पाय जमिनीला पुरत नाहीत. तिच्या आईचं म्हणणं, उंची नाही तर नाद सोड. मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि ओरडून बोलणं जमत नाही, म्हणून लिहून पाठवते. पहिल्यापासून लिहिते; मधूनच सुरुवात केली की तुम्ही प्रश्न विचारत बसता.

१९३० नंतरची गोष्ट. मी मुंबईला डॉक्टरी शिकून घरी परत आले होते. रेवस आणि मांडवा यांच्या मधल्या गावात आमचं घर. आसपासच्या गावांतल्या बाळंतिणींसाठी मला बोलावणं येई आणि मी बैलगाडीतून जाई. बाळ काही बैलांसाठी थांबत नाही. कितीदा तरी मी पोचेपर्यंत सुईणीने बाळाला न्हाऊ घालून ठेवलेलं असे आणि ती मलाच चहा विचारी. ती बाळं सुखरूप होती. सगळीच तशी नसत. त्या घरांतून परत येताना गाडीच्या चाकांचा आवाज मला सहन होत नसे.

मोटरसायकल घेऊ का, असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते ओटीवर सुपारी कातरत होते. नाही म्हणाले नाहीत. बराच वेळ कातरून झाल्यावर त्यांनी अट घातली: गाडी आपल्या अंगणात उभी करायची, मी वर बसायचं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकले नाहीत, तर गाडी पुढच्या मचव्याने परत मुंबईला.

"रस्त्यात गाडी कलली, तर सावरायला तिथे कोण आहे तुला?" एवढंच ते म्हणाले.

बाबा चांगले उंच. मी त्यांच्या छातीपर्यंत पोचत होते. त्यांना ही अट अगदी किरकोळ वाटली असणार.

मी मुंबई गाठली. जाताना आत्याचं एक नऊवारी लुगडं मागून घेतलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण; लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली, घर तिच्या ताब्यात. कॉलेजात असल्यापासून मी पाचवारी नेसत होते आणि त्यावरून तिची बोलणी खात होते. पण पाचवारीत मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येत नाही. नऊवारीला मागे कासोटा, पाय मोकळे. मी लुगडं मागताच आत्याला वाटलं, पोरीला उशिरा का होईना अक्कल आली. कशासाठी ते मी सांगितलं नाही.

दुकानाचे मालक म्हातारे पारशी गृहस्थ होते. त्यांनी मला आदराने खुर्ची दिली आणि बाजूला डबा जोडलेली एक भलीमोठी गाडी दाखवली. डब्यात गादी होती. बाई इथे आरामात बसतील, वाराही लागणार नाही, असं त्यांनी समजावलं आणि साहेब कधी येणार म्हणून विचारलं. गाडी मीच चालवणार आहे, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मात्र त्यांनी मला खरीखुरी मदत केली.

पहिली गाडी इतकी उंच, की माझे पाय घंटेच्या लोलकासारखे लोंबत राहिले. दुसरी बसकी होती. पाय टेकले, पण ती सरळ उभी करायलाच दुकानातले दोन नोकर लागले. तिसरी कोपऱ्यात होती. कोणीतरी वापरून विकलेली, काळी, टाकीवर सोनेरी रेघ, गिअर हाताने बदलायचा. मालकांनी सीटखालच्या स्प्रिंगा बदलून ती आणखी खाली आणवली. मी बसले. दोन्ही पाय टेकले! मी उठले, पुन्हा बसले. पुन्हा टेकले. मालकांनी किक मारली आणि तो आवाज माझ्या पोटात शिरला. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला तो ऐकू येतो.

त्यांच्या मेकॅनिकने मला मोकळ्या मैदानावर चालवायला शिकवलं. लायसन्स निघालं. मग गाडी भाऊच्या धक्क्यावरून मचव्यात चढली आणि मी तिच्या हँडलला धरून रेवसपर्यंत आले. खलाशांनी भरती येईपर्यंत थांबून ती फळीवरून अलगद धक्क्यावर घेतली. तिथून घरापर्यंत मी चालवत आले. लाल मातीचा रस्ता, एका बाजूला मिठागरं, तोंडावर खारा वारा. बैलगाडीची अर्धी सकाळ खाणारी ती वाट पायांखालून अशी गेली, की घराचं वळण आलं तेव्हा मला वाईटच वाटलं.

आत्याने अंगण सकाळीच सारवलेलं होतं. फाटकातून गाडी आत घेणार, तेवढ्यात ती माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "बूट बाहेर."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुकानात मी बसून पाहिलं, मैदानात शिकले, रेवसहून आले, ते सगळं हॉस्पिटलातले जाड टाचांचे बूट घालून. आमच्या अंगणात तुळशीसमोर कोणी कधी पायताण घालून आलेलं नव्हतं. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि एकदाही आठवलं नव्हतं.

मी बूट काढले, गाडी आत ढकलली आणि बसले. अंगठे टेकले. टाचा वरच.

रस्त्यावर मी बूट घालणारच आहे, असं मी बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ज्या घरी जाशील तिथल्या अंगणात कशी शिरणार आहेस? आत्या घरात गेली आणि जेवायचे दोन पाट आणून तिने माझ्या पायांखाली सरकवले.

"टेकले बघ, दादा," ती म्हणाली.

"रस्त्यात पाट घेऊन तू धावणार का हिच्या मागे?"

"धावेन. आधी मला हे लुगडं कशाला नेलंन ते कळू दे."

मी पाट बाजूला सारले. दोन्ही टाचा काही टेकत नव्हत्या. पण सीटवर थोडी डावीकडे सरकले, की डावा तळवा पुरता सारवणावर बसत होता आणि गाडी त्या पायावर निमूट उभी राहत होती. मी बाबांना म्हटलं, ढकला. त्यांनी एका हाताने ढकललं. मग दोन्ही हातांनी, गोठ्यातला खांब हलवून बघावा तसं. गाडी हलली नाही. ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि न सांगता ढकललं. मी उजवीकडे सरकले, उजवा पाय रोवला. गाडी कलली आणि तिथेच थांबली.

बाबा माझ्या पायाकडे बघत राहिले. सारवण ओलसर होतं. त्यात माझी दोन पावलं उमटली होती, एक या बाजूला, एक त्या बाजूला, टाचेसकट.

मग ते ओटीवर गेले. मला वाटलं, मचवेवाल्याला निरोप धाडायला गेले. ते टोपी घालून आणि गोणपाटाची घडी घेऊन आले. घडी मागच्या कॅरिअरवर ठेवली आणि म्हणाले, "मांडव्यापर्यंत ने. बघू."

फाटकाबाहेर मी बूट घातले, किक मारली. आत्या पाट छातीशी धरून उभी होती. बाबांनी एका हाताने टोपी धरली, दुसऱ्याने माझा खांदा. गावाबाहेरच्या चढापर्यंत मागून फरफर आवाज येत राहिला. पाय वर घ्या, असं मी दोनदा ओरडले. कॅरिअरवर बसून बाबांचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते.